खाडीत साडेपाच तास: भरती-ओहोटीचं गणित

आज कोड नाही, गॅजेट नाही. आज भरती-ओहोटी. तुम्ही म्हणाल, नगरच्या माणसाला समुद्रातलं काय कळतंय? बरोबर आहे. आमच्याकडे पाणी म्हणजे मुळा धरण. म्हणूनच तर फसलो.

गेल्या डिसेंबरात मी आणि बायको स्कूटरवरून कोकण किनारा करायला निघालो. या रस्त्यात खाड्या आडव्या येतात आणि तिथे गाडीसकट पलीकडे नेणारी जंगलजेटी असते. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडवा, मग आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. मजा येते, अगदी नक्की करा.

वाटेत एका गावात आम्ही खाडी बघायला छोटी होडी केली. पाच वाजता होडीवाले काका म्हणाले, "दादा, सुकती लागलीय, निघूया." बायको म्हणाली, "काका म्हणतायत तर निघू ना." मला सूर्यास्ताचा व्हिडिओ हवा होता. फोनवर बघितलं तर ओहोटी सव्वानऊला! म्हटलं, अजून चार तास आहेत की.

साडेसहाला होडी गाळात रुतली.

माझं चुकलं कुठे? सव्वानऊ ही पाणी सर्वात कमी असण्याची वेळ. पाणी तीन वाजल्यापासूनच उतरत होतं. आणि ते एकसारखं उतरत नाही. साधारण सहा तासांत पाण्याचे बारा भाग जातात असं धरा. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी जातं. पाच वाजता पाव पाणी गेलं होतं. पुढच्या दीड तासात निम्म्याच्या वर गेलं.

मग मी अंधारात गणित केलं. रुतलो तेव्हा ओहोटी तळाला जायला पावणेतीन तास होते. तेवढंच पाणी परत चढायला पुन्हा पावणेतीन तास. म्हणजे बारा! काका हसले. त्यांनी हे फोनशिवाय आधीच सांगितलं होतं. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. त्या दिवशी चतुर्थी. चारची पाऊणपट तीन, म्हणून भरती तीनला. अष्टमीला सहाला. मुंबई-कोकणात हा हिशोब ढोबळमानाने जमतो. भरती रोज साधारण पाऊण तास पुढे जाते, त्यावरूनच तो निघालाय. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी जास्त चढतं आणि जास्तच उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा फरक कमी.

बायकोची संकष्टी होती. चंद्र दिसला, पण जवळ फक्त दोन केळी. तिने एक काकांना दिलं. माझ्याशी बोलली नाही. होडी बाराला हलली, तोवर शेवटची जंगलजेटी कधीच गेली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही एक नियम केला: पाण्यावर दोघांपैकी एकाने 'परत' म्हटलं की परत. कारण विचारायचं ते किनाऱ्यावर. मला तेव्हा 'तारिणी' आठवली. नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच ती शिडाची बोट घेऊन २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्यातून निघाल्या आणि जगाला फेरी मारून २९ मे २०२५ ला गोव्यातच परत आल्या. बोटीवर दोघीच असल्या की एक झोपते तेव्हा दुसरी जागी असते. जागी असलेलीवर विश्वास नसेल तर झोप लागणारच नाही. मी तर जागेपणी दोन माणसांचं ऐकलं नव्हतं.

तर मंडळी, जाण्याआधी तिथी बघा, शेवटच्या जंगलजेटीची वेळ फोन करून विचारा, लाइफ जॅकेट घाला आणि पावसाळ्यात छोट्या होडीत बसूच नका. होडीवाला निघू म्हणाला की निघा. व्हिडिओ? तो आलाच नाही, बॅटरी संपली होती. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!