बोथस माशाचे रंगांतर : दृष्टी व त्वचा यांचा संबंध

उष्णकटिबंधीय अटलांटिकच्या वालुकामय तळावर आढळणारा बोथस ऑसेलेटस हा चपटा मासा कोकणातील लेप या माशाचा दूरचा आप्त होय. त्याचे दोन्ही डोळे डाव्या बाजूस असून तीच बाजू वर राहते. तो तळाची हुबेहूब नक्कल करतो, ही समजूत मात्र सैलच म्हणावी लागेल. व्ही. एस. रामचंद्रन व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखविल्यानुसार, त्वचेवरील लहानमोठ्या ठिपक्यांच्या मोजक्या संचांची गडदता कमीअधिक करून तो २ ते ८ सेकंदांत तळाशी जुळणी साधतो. बुद्धिबळाच्या पटासारख्या, निसर्गात न आढळणाऱ्या पृष्ठभागावरही ती बऱ्याच अंशी साधते, हे विशेष. डोळ्यांनी टिपलेल्या माहितीनुसार मेंदू चेतातंतूंद्वारे त्वचेतील रंजकपेशींचे नियंत्रण करतो. त्यामुळे दृष्टी गेल्यास ही जुळणी बिघडते आणि मासा भक्षकांपुढे उघडा पडतो.