कॅम्पर व्हॅन घ्यायची? आधी वजन करा

शेती मुलांच्या हाती सोपवून काशी-रामेश्वर करावे, असे पुष्कळांना वाटते. त्यासाठी झोपण्याची, स्वयंपाकाची सोय असलेली कॅम्पर व्हॅन कशी निवडावी, अशी विचारणा होते.

१) पलंग-पडदे पाहून भुलू नका, प्रथम वजन पाहा. भरलेल्या गाडीची कमाल मर्यादा ठरलेली असते. त्यातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की उरतो तेवढाच भार तिला झेपतो. मात्र आतले फर्निचर मागाहून बसवले असेल, तर कागदावरचे रिकामे वजन खरे राहत नाही. म्हणून उसाच्या गाडीसारखी ही गाडीही काट्यावर घालाच. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. शिवाय माणसे, गॅस, भांडीकुंडी, अंथरूण. भार जास्त झाला की ब्रेक उशिरा लागतो, टायर तापून फुटतो.

२) जुनी मिनीबस घेऊन गावातच घर बनवणे स्वस्त वाटते. पण मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे गाडीत मनमानी बदल चालत नाहीत. आर.टी.ओ.कडे नोंद नसेल, तर विम्याचा दावा अडू शकतो.

३) नवरा-बायको दोघांनीही चढून-उतरून, आडवे होऊन पाहावे. गुडघे दुखत असतील तर उंच पायरी रोज नडते. जुन्या गाडीच्या छताला ओलीचे डाग आहेत का, तेही पाहा.

आधी आठवडाभर भाड्याची गाडी नेऊन पाहा. मानवली, तरच ठेव मोडा. आयुष्याची पुंजी एकदाच जमते.

– ऊस विकास अधिकारी