बिनतारी संवेदक जाल : सेवारोधापासून संरक्षण

पाऊस, मृदेतील ओलावा, तापमान, जमिनीची कंपने इ. मोजून ती माहिती रेडिओ तरंगांद्वारे एकमेकांकरवी मध्यवर्ती स्थानकाकडे पोहोचविणाऱ्या लहान उपकरणांच्या समूहास बिनतारी संवेदक जाल म्हणतात. माहिती चोरण्याऐवजी ती वेळेवर पोहोचूच नये, या हेतूने केलेल्या कृतीस सेवारोध हल्ला ही संज्ञा आहे. अशा हल्ल्यांचे थरवार विवेचन ए. डी. वुड व जे. ए. स्टँकोव्हिक यांनी २००२ मध्ये केले.

या जालांचे मर्मस्थान म्हणजे विद्युत् घट. सु. २० मिलिअँपिअर प्रवाह घेणारा ग्राही सतत चालू राहिल्यास २,५०० मिलिअँपिअर-तास क्षमतेचा घट १२५ तासांत, म्हणजे सु. ५ दिवसांत संपतो. तोच शंभरांश वेळ जागा व एरवी निद्रिस्त ठेवल्यास सु. १७ महिने पुरतो (निद्रावस्थेतील अल्प प्रवाह व घटाची स्वाभाविक झीज वगळता). निरर्थक संदेश पाठवून उपकरणास जागे ठेवणाऱ्या हल्ल्याकडे एफ्. स्टाजानो व आर्. जे. अँडरसन यांनी १९९९ मध्ये लक्ष वेधले होते. संदेश कूटबद्ध केल्याने हा हल्ला टळत नाही. कारण खोटा संदेश नाकारण्यासाठीही तो आधी ऐकावा लागतो. म्हणून जागे होण्याच्या वेळा यादृच्छिक ठेवणे आणि पुनःप्रेषणांवर मर्यादा घालणे आवश्यक ठरते.

२·४ गिगॅहर्ट्झ हा कंप्रता पट्टा परवानामुक्त असल्याने त्यात गोंगाट निर्माण करणे सोपे असते. वारंवार कंप्रता बदलणे आणि बाधित क्षेत्र टाळून दुसऱ्या मार्गाने संदेश नेणे, हे त्यावरील उपाय होत. उघड्या शेतातील उपकरण कोणालाही उचलून नेता येते. तेव्हा साऱ्या जालास एकच गुप्त किल्ली देणे धोक्याचे आहे.

मराठवाड्यात या प्रश्नास विशेष महत्त्व आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी (जि. लातूर) भूकंपानंतर भूकंपमापनाची निकड सर्वांना पटली. महाराष्ट्रात २०१७ पासून महावेध प्रकल्पाखाली महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली गेली. काटेकोर अर्थाने हे संवेदक जाल नव्हे. तथापि खंडित नोंदीचा प्रश्न तेथेही तोच आहे. लातूर वा नांदेड जिल्ह्यातील सोयाबीन उत्पादकाच्या दृष्टीने ‘पाऊस शून्य’ व ‘नोंद उपलब्ध नाही’ यांत महदंतर असते. हवामानाच्या नोंदींवर विमा भरपाई अवलंबून असेल, तर मूक झालेल्या उपकरणाच्या नावे शून्य लिहिणे हे उघड अन्यायाचे होय. यासाठी प्रत्येक उपकरणात स्थानिक स्मृती असावी, म्हणजे संपर्क पूर्ववत झाल्यावर मागील मोजमापे पाठविता येतात. तसेच ठरावीक वेळी ‘कार्यरत आहे’ असा प्रमाणित संदेश न आल्यास स्थानकाने ती त्रुटी म्हणून वेळेसह नोंदवावी. मात्र घट संपणे, पावसाळी झड, वीज कोसळणे यांमुळेही संदेश थांबतात. शेजारच्या अनेक उपकरणांचा संपर्क एकाच वेळी तुटला व त्यांच्या ग्राहींवर तीव्र संकेत असूनही संदेश वाचता आले नाहीत, तरच बाह्य अडथळ्याचा संशय घेणे रास्त ठरते.