पेशीतले टपाल आणि धनुर्वात

गंजका खिळा पायात घुसला की घरातली थोरली माणसे पहिला प्रश्न विचारतात, "धनुर्वाताचे इंजेक्शन घेतलेस का?" परंतु धनुर्वाताचे विष शरीरात नेमके काय बिघडवते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ते समजून घेण्यासाठी आधी पेशीत डोकावले पाहिजे.

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचे पातळ आवरण असते. त्याला पेशीपटल म्हणतात. पेशीतून बाहेर जाणारे इन्सुलिन असो की मज्जातंतूचा रासायनिक निरोप असो, तो आधी अशाच आवरणाच्या सूक्ष्म पिशवीत भरला जातो. ही पिशवी म्हणजे पुटिका. मज्जातंतूतील पुटिका इतकी लहान असते की, एका मिलिमीटरच्या ओळीत सुमारे २५ हजार पुटिका मावतील.

कचेरीच्या टपालात लखोट्यावर पत्ता नसेल तर तो भलत्याच टेबलावर जातो. पुटिकेवर पत्त्याचे काम 'रॅब' नावाची प्रथिने करतात. माणसात त्यांचे साठाहून अधिक प्रकार आहेत. पुटिका पटलाजवळ आली की अनेक पेशींत 'एक्सोसिस्ट' हा आठ प्रथिनांचा संघ पुढे होतो. तो एका बाजूने पुटिकेला आणि दुसऱ्या बाजूने पटलाला धरतो. मज्जातंतूच्या टोकाशी हे काम बहुतांशी दुसरी प्रथिने करतात, पण रीत तीच.

मात्र नुसते धरून ठेवल्याने निरोप पोचत नाही. शेवटचे काम 'स्नेअर' प्रथिनांचे. मज्जातंतूत पुटिकेवर सिनॅप्टोब्रेव्हिन असते आणि पटलावर सिंटॅक्सिन व स्नॅप-२५ असतात. ही तिन्ही वेणीसारखी एकमेकांत गुंफली जातात. जसजसा पीळ बसतो तसतशी पुटिका पटलाकडे ओढली जाते. कॅल्शियमचा इशारा मिळताच दोन्ही आवरणे एक होतात व निरोप बाहेर पडतो.

हे कोडे उलगडण्यास अनेक वर्षे लागली. अमेरिकेतील रँडी शेकमन यांनी १९७० च्या दशकात यीस्टच्या पेशींवर प्रयोग करून या वाहतुकीला लागणारी जनुके शोधली. जेम्स रॉथमन यांनी प्रथिनांची ही जोडणी दाखवली, तर थॉमस स्यूडहोफ यांनी कॅल्शियमच्या इशाऱ्याचा उलगडा केला. या तिघांना २०१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता धनुर्वाताकडे वळू. त्याचे जंतू माती आणि शेणात असतात. जखमेतून ते शरीरात शिरले की त्यांचे विष मज्जातंतूंतून मज्जारज्जूपर्यंत चढते. तेथे ते सिनॅप्टोब्रेव्हिनलाच कापते. इटलीतील पाडुआ येथील शास्त्रज्ञांनी १९९२ साली हे दाखवून दिले. विषाचा घाव प्रामुख्याने स्नायूंना 'आता सैल हो' असे सांगणाऱ्या तंतूंवर पडतो. पुटिका निरोप घेऊन तयार असते, पण वेणीचा एक पेड तुटल्यामुळे ती उघडत नाही. ताण सुटत नाही, जबडा आवळतो, पाठ धनुष्यासारखी वाकते. धनुर्वात हे नाव त्यावरूनच पडले.

विष एकदा तंतूत शिरले की लसीने तयार झालेली प्रतिद्रव्ये तेथे पोचत नाहीत. म्हणून लस आधीच घ्यायची असते. हा रोग होऊन बरा झालेल्या माणसालाही लस घ्यावीच लागते, कारण रोगातून पुरेशी प्रतिकारशक्ती येत नाही.

माता व नवजात बालकांतील धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले. परंतु जंतू मातीत आहेतच. म्हणून गरोदर भगिनींनी टीडीचे पहिले इंजेक्शन लवकरात लवकर व दुसरे चार आठवड्यांनी घ्यावे. सरकारी दवाखान्यात ते मोफत मिळते. नाळ निर्जंतुक साधनानेच कापावी आणि तिच्यावर राख वा शेण लावू देऊ नये. मुलांचे १० व १६ व्या वर्षीचे डोस चुकवू नयेत. घरातील लसीकरणाचे कार्ड आजच काढून पाहा, आणि शेजारणीलाही तिचे पाहायला सांगा.