८०० ते १०,००० मीटर: महिलांच्या शर्यतींविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

महिलांच्या मध्यम व लांब पल्ल्याच्या ट्रॅक शर्यतींत ८००, १५००, ५००० आणि १०,००० मीटर धावणे तसेच ३००० मीटर स्टीपलचेस हे प्रकार येतात. या शर्यतींचा दर्जा गेल्या दशकात झपाट्याने उंचावला आहे. १५०० मीटरसाठी ऑलिम्पिकची थेट पात्रता वेळ २०१६ च्या रिओ स्पर्धेला ४ मिनिटे ७ सेकंद होती. टोकियोसाठी ती ४:०४.२० झाली आणि २०२४ च्या पॅरिससाठी ४:०२.५०. भारतात या अंतराचा अलीकडचा इतिहास मुख्यतः चंडीगड ज्याची राजधानी आहे त्या पंजाबात घडला. संगरूर जिल्ह्यातील सुनामची सुनीता रानी आणि होशियारपूर जिल्ह्यातील माहिलपूरची हरमिलन बैंस, या दोघींच्याच नावावर २००२ ते २०२४ या काळात १५०० मीटरचा राष्ट्रीय विक्रम होता. लांब पल्ल्यात महाराष्ट्राच्या नाशिक आणि सातारा जिल्ह्यांनी अव्वल धावपटू दिल्या. तरीही या शर्यतींविषयी काही समजुती अजून घट्ट रुजलेल्या आहेत.

गैरसमज: लांब पल्ला स्त्रीच्या शरीराला झेपत नाही.

वस्तुस्थिती: या समजुतीने महिलांच्या धावण्याचे सर्वाधिक नुकसान केले. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये महिलांची ८०० मीटर शर्यत प्रथमच झाली. जर्मनीच्या लिना राडके हिने २:१६.८ अशा विश्वविक्रमी वेळेत ती जिंकली आणि पहिल्या तिघींनीही आधीचा विश्वविक्रम मागे टाकला. वृत्तपत्रांनी मात्र धावपटू कोसळल्याच्या, शर्यत अर्धवट सोडल्याच्या बातम्या रंगवल्या. प्रत्यक्षात अंतिम फेरीत धावलेल्या नऊही जणींनी शर्यत पूर्ण केली होती. दमून खाली बसलेल्या पुरुष धावपटूला जिगरबाज म्हणायचे आणि त्याच अवस्थेतल्या स्त्रीला दुबळी ठरवायचे, असा तो न्याय होता. त्यानंतर ८०० मीटर शर्यत महिलांना ऑलिम्पिकमध्ये थेट १९६० साली परत मिळाली. १५०० मीटरचा समावेश १९७२ मध्ये झाला, मॅरेथॉनचा १९८४ मध्ये, १०,००० मीटरचा १९८८ मध्ये, ५००० मीटरचा १९९६ मध्ये आणि स्टीपलचेसचा २००८ मध्ये. आज दिसणाऱ्या प्रगतीचा मोठा वाटा या उशिरा उघडलेल्या दारांचा आहे. जी शर्यतच नव्हती, तिच्यासाठी प्रशिक्षक, शिष्यवृत्ती किंवा नोकरी कुठून येणार?

गैरसमज: दर्जा मोजायचा तो विश्वविक्रमावरून.

वस्तुस्थिती: विश्वविक्रम एका व्यक्तीची एका दिवसाची कामगिरी सांगतो. खेळाचा दर्जा कळतो तो पहिलीच्या मागे किती जणी किती जवळ धावतात यावरून. चीनच्या चू युनशियाचा १९९३ मधील ३:५०.४६ हा १५०० मीटरचा विक्रम इथिओपियाच्या गेन्झेबे दिबाबाने २०१५ मध्ये अवघ्या ०.३९ सेकंदाने मोडला. बावीस वर्षांत एवढीच प्रगती झाली, असे विक्रमांची यादी सांगते. दुसरीकडे, सोल येथे १९८८ मध्ये रुमानियाच्या पाउला इव्हानने केलेला ३:५३.९६ हा ऑलिम्पिक विक्रम ३३ वर्षे टिकला आणि पॅरिसच्या एकाच अंतिम शर्यतीत पाच जणींनी त्याहून कमी वेळ नोंदवली. त्यांतल्या दोघी पदकाविना परतल्या. दर्जा वाढतो तो असा.

सर्व अंतरांत प्रगती सारखी झालेली नाही, हेही खरे. ८०० मीटरचा विश्वविक्रम आजही चेकोस्लोव्हाकियाच्या यार्मिला क्रातोख्विलोवाच्या नावावर आहे: १:५३.२८, वर्ष १९८३. याउलट १०,००० मीटरचा विक्रम २०१६ पासून चार वेळा मोडला गेला. जून २०२१ मध्ये तर हेंगेलोच्या एकाच ट्रॅकवर दोन दिवसांच्या अंतराने सिफान हसन आणि लेतेसेन्बेत गिदे यांनी तो पाठोपाठ मोडला. केनियाच्या बिअ‍ॅट्रिस चेबेटने २०२४ मध्ये तो २८:५४.१४ वर आणला. याच चेबेटने २०२५ मध्ये ५००० मीटर १३:५८.०६ मध्ये धावून १४ मिनिटांची भिंतही ओलांडली.

गैरसमज: ही सगळी नव्या बुटांची करामत आहे.

वस्तुस्थिती: बुटांचा वाटा खरा आहे, पण तो पूर्ण उत्तर नाही. २०२० च्या सुमारास हलका, उसळी देणारा फोम आणि कडक पट्टी असलेले नवे स्पाइक्स ट्रॅकवर आले. त्यांचा फायदा संशोधक साधारण एक ते दोन टक्क्यांच्या आसपास मानतात आणि तो व्यक्तीनुसार बदलतो. १५०० मीटरच्या शर्यतीत एक टक्का म्हणजे दोन सेकंदांहून अधिक, म्हणून हा फायदा किरकोळ नाही. जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने नोव्हेंबर २०२४ पासून ट्रॅकवरील बुटांच्या तळव्याची जाडी २० मिलिमीटरवर मर्यादित केली आहे. ट्रॅकच्या कडेने ठरलेल्या वेगाने सरकणारे दिवेही याच काळात आले. त्यांच्यामुळे सुरुवातीला अतिवेगाने धावून शेवटी मंदावण्याची चूक टळते. मात्र हे बूट आणि हे दिवे सगळ्यांनाच उपलब्ध आहेत. एकाच शर्यतीतील पहिली आणि दहावी यांच्यातले अंतर त्यातून स्पष्ट होत नाही. ते स्पष्ट होते वर्षानुवर्षांच्या सरावातून, शर्यतींच्या अनुभवातून आणि दुखापती टाळण्याच्या शिस्तीतून.

गैरसमज: इतकी वेगवान वेळ आली म्हणजे उत्तेजक घेतलेच असणार.

वस्तुस्थिती: या खेळाला उत्तेजकांचा काळा इतिहास आहे आणि आजही खेळाडूंवर बंदी येते, भारतीय खेळाडूंवरही. म्हणूनच २००९ पासून रक्तातील घटकांची दीर्घकालीन नोंद ठेवणारा जैविक पासपोर्ट वापरात आहे आणि २०१७ पासून स्वतंत्र सचोटी विभाग काम करतो. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. सुनीता रानीचे प्रकरण या बाबतीत कायम लक्षात ठेवण्यासारखे आहे. २००२ च्या बुसान आशियाई स्पर्धेत तिने १५०० मीटरचे सुवर्ण ४:०६.०३ अशा राष्ट्रीय विक्रमासह जिंकले आणि ५००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. चाचणीत नॅन्ड्रोलोन आढळल्याचे सांगून दोन्ही पदके काढून घेण्यात आली. पुढे चाचणीच्या प्रक्रियेतच त्रुटी असल्याचे निष्पन्न झाले आणि २००३ मध्ये पदके तिला परत मिळाली. ज्या काळात तिचा गौरव व्हायला हवा होता, तो काळ मात्र बदनामीत गेला.

गैरसमज: उंच डोंगराळ प्रदेशात जन्म झाल्याशिवाय लांब पल्ला जमत नाही.

वस्तुस्थिती: केनिया आणि इथिओपियाच्या पठारांवरील धावपटूंचे वर्चस्व निर्विवाद आहे. त्यामागे उंचीबरोबरच धावण्याची जुनी परंपरा, सरावाचे मोठे गट आणि धावण्यातून मिळणारी उपजीविका आहे. पॅरिसमध्ये १०,००० मीटरचे रौप्य मात्र इटलीच्या नादिया बात्तोक्लेत्तीने जिंकले, चेबेटपासून केवळ ०.१० सेकंद मागे राहून. ८०० मीटरचे सुवर्ण ब्रिटनच्या कीली हॉजकिन्सनचे होते. उंचीचा उपयोग सरावापुरता करून घेता येतो. विरळ हवेत तीन-चार आठवडे राहिल्यास शरीर अधिक तांबड्या पेशी तयार करते आणि रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता वाढते. उदाहरणार्थ, चंडीगड समुद्रसपाटीपासून सुमारे ३२० मीटरवर आहे. तिथल्या सुखना तलावाकाठी कितीही फेऱ्या मारल्या तरी हा परिणाम मिळणार नाही. पण तिथून शिमल्याची वाट धरली की शिलारू येथे भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे उंचावरील सराव केंद्र आहे. पतियाळ्याची राष्ट्रीय क्रीडा संस्थाही चंडीगडजवळच आहे. सपाटीवर वेगाचा आणि उंचावर दमाचा सराव, अशी विभागणी या पट्ट्यात शक्य आहे.

गैरसमज: वजन जितके कमी, तितका वेग जास्त.

वस्तुस्थिती: हा गैरसमज सर्वांत घातक आहे, कारण तो किशोरवयीन मुलींपर्यंत सहज पोहोचतो. सरावात खर्च होणारी ऊर्जा आहारातून भरून निघाली नाही, तर सुरुवातीला वेळ सुधारल्यासारखी वाटते आणि नंतर शरीर कोलमडते. मासिक पाळी अनियमित होते किंवा थांबते, हाडे ठिसूळ होतात, पायाच्या हाडांना बारीक चिरा पडतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला खेळातील सापेक्ष ऊर्जान्यूनता असे नाव देऊन तिच्याकडे लक्ष वेधले. पाळी बंद होणे हे कडक सरावाचे प्रशस्तिपत्र मुळीच नव्हे. तो वैद्यकीय धोक्याचा इशारा आहे. भारतात लोहाचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. शरीरात लोहाचा साठाच नसेल, तर उंचावरच्या सरावातून अपेक्षित तांबड्या पेशी तयार होणार नाहीत. म्हणून हिमोग्लोबिन व फेरिटिनची नियमित तपासणी आणि पोटभर, चौरस जेवण हा प्रशिक्षणाचाच भाग मानला पाहिजे.

गैरसमज: आई झाली की कारकीर्द संपली.

वस्तुस्थिती: केनियाची फेथ किपयेगॉन २०१८ मध्ये आई झाली. तिचे सर्व विश्वविक्रम त्यानंतरचे आहेत, १५०० मीटरमधील २०२५ चा ३:४८.६८ हा विक्रमही. रिओ, टोकियो आणि पॅरिस अशी लागोपाठ तीन ऑलिम्पिक सुवर्णे जिंकताना शेवटच्या दोन वेळी ती आई होती. भारतातील दाखला माहिलपूरच्या घरातलाच आहे. हरमिलनची आई माधुरी सिंग हिने २००२ च्या बुसान आशियाई स्पर्धेत ८०० मीटरचे रौप्य जिंकले तेव्हा हरमिलन चार वर्षांची होती. एकवीस वर्षांनी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत हरमिलनने ८०० आणि १५०० अशा दोन्ही शर्यतींत रौप्य मिळवले. प्रसूतीनंतर ट्रॅकवर परतण्यासाठी पुरेसा अवधी, वैद्यकीय देखरेख आणि चालू राहणारा पगार लागतो. यांपैकी एक जरी नसेल तरी संधी हुकते. कारकीर्द खंडित होते ती बहुधा या उणिवांमुळे.

गैरसमज: प्रगती अशीच राहिली तर महिला लवकरच पुरुषांना गाठतील.

वस्तुस्थिती: विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोघांच्या वेळांमधले अंतर वेगाने घटले, कारण महिलांना शर्यती तेव्हा कुठे मिळू लागल्या होत्या. आजच्या विश्वविक्रमांमध्ये हे अंतर ८०० मीटरला सुमारे १२ टक्के, १५०० मीटरला ११ टक्के आणि १०,००० मीटरला १० टक्क्यांच्या आसपास आहे. हिमोग्लोबिनचे प्रमाण, स्नायूंचे वस्तुमान आणि हृदयाचा आकार यांतील फरक त्यामागे आहेत. जून २०२५ मध्ये किपयेगॉनने पॅरिसमध्ये चार मिनिटांच्या आत मैल धावण्याचा प्रयत्न केला. वारा अडवणारे वेगदर्शक धावपटू आणि खास पोशाख वापरूनही वेळ चार मिनिटे सहा सेकंदांहून थोडी अधिक आली आणि त्या विशेष परिस्थितीमुळे ती विक्रम म्हणून नोंदली जाणारही नव्हती. तरीही तो दिवस अपयशाचा ठरत नाही, कारण कोणतीही स्त्री मैलाचे अंतर इतक्या वेगाने याआधी धावली नव्हती. महिलांच्या कामगिरीचे मोल महिलांच्या स्पर्धेतच ठरते.

गैरसमज: भारतीय धावपटू होत्या तिथेच आहेत.

वस्तुस्थिती: आकडे वेगळे सांगतात. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याची कविता राऊत हिने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचे कांस्य आणि ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ३१:५१.४४ वेळेसह रौप्य जिंकले. तिच्यापुढे होती ती भारताचीच प्रीजा श्रीधरन, ३१:५०.४७ मध्ये. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी माण तालुक्यातील मोहीची ललिता बाबर रिओमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचली. ऑलिम्पिकमध्ये ट्रॅकवरील वैयक्तिक अंतिम फेरी गाठणारी पी. टी. उषानंतरची ती पहिली भारतीय महिला. तिचा ९:१९.७६ हा विक्रम पारुल चौधरीने २०२३ मध्ये ९:१५.३१ आणि २०२५ मध्ये ९:१२.४६ पर्यंत खाली आणला. १५०० मीटरमध्ये हरमिलनने सप्टेंबर २०२१ मध्ये वारंगळला ४:०५.३९ आणि के. एम. दीक्षाने २०२४ मध्ये लॉस एंजेलिसला ४:०४.७८ वेळ दिली.

अडचण वेगळी आहे: जग त्याहून वेगाने पुढे गेले. सुनीता रानीची २००२ मधली वेळ रिओच्या निकषात बसली असती, पण दीक्षाची त्याहून चांगली वेळ पॅरिसच्या निकषाला २.२८ सेकंदांनी कमी पडते. १०,००० मीटरचा निकष रिओसाठी ३२:१५ होता, पॅरिससाठी तो ३०:४० झाला. प्रीजाची वेळ पहिल्यात आरामात बसते आणि दुसऱ्यापासून ७० सेकंद दूर राहते. निकष कडक होण्यामागे धोरणही आहे. टोकियोपासून साधारण निम्म्या जागा थेट वेळेवर आणि उरलेल्या जागतिक क्रमवारीवर भरण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. क्रमवारीचे गुण दर्जेदार स्पर्धांतून मिळतात आणि वेगवान वेळाही तिथेच निघतात, कारण तिथे शेवटच्या फेरीपर्यंत सोबतीला कुणी तरी धावत असते. दीक्षाचा विक्रम परदेशातील अशाच शर्यतीत झाला आणि पारुलचे दोन्ही विक्रमही परदेशातच झाले. देशांतर्गत स्पर्धांमध्ये मात्र पदकासाठी सावध, संथ सुरुवात आणि शेवटच्या फेरीत झुंज असेच चित्र वारंवार दिसते. उरलेले अंतर कापण्यासाठी देशात वेळेसाठी धावल्या जाणाऱ्या शर्यती, परदेशी स्पर्धांचा नियमित अनुभव, उंचावरील नियोजित सराव आणि मुलींच्या आहार-आरोग्याची काळजी या चार गोष्टी लागतात. त्या चारही माणसांच्या हातातल्या आहेत.