हरिहरेश्वर : आधी ओहोटी, मग प्रदक्षिणा

हरिहरेश्वरला जायचे ठरले की आधी तिथी पाहावी. मुहूर्तासाठी नव्हे, समुद्रासाठी. रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातल्या या देवस्थानाची मोठी प्रदक्षिणा देवळाभोवती नाही, देवळामागच्या डोंगराभोवती आहे. त्या वाटेचा समुद्राकडचा भाग भरतीच्या वेळी पाण्याखाली असतो. ओहोटी लागली की वाट उघडते, भरती चढली की बंद होते. हे वेळापत्रक पुजाऱ्यांच्या हातात नाही आणि ग्रामपंचायतीच्याही नाही.

किनाऱ्यावरच्या माणसांकडे त्याचा तोंडी हिशेब आहे. तिथीला पाऊणने गुणायचे. येईल तो आकडा पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो की वद्य, दिवस असो की रात्र, हिशेब तोच. चंद्र रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा डोक्यावर येतो आणि भरती त्याच्यामागून चालते, म्हणून हा पाऊण तास. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी तळाला जाते. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. पण त्यातून कामाची गोष्ट कळते. प्रदक्षिणा आणि सूर्यास्त एकाच संध्याकाळी साधायचे असतील, तर पौर्णिमा किंवा अमावास्या गाठावी. तेव्हा दुपारी बाराच्या आसपास भरती होऊन जाते आणि सूर्य कलताना पाणी सर्वांत लांब हटलेले असते. उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी जितके वर चढते तितकेच खालीही उतरते आणि एरवी न दिसणारा खडक उघडा पडतो. अष्टमीला गेलात तर सूर्यास्ताच्या वेळी वाटेवर लाटा असतील, आणि किनाऱ्यावर उभे राहूनच नमस्कार करावा लागेल.

आम्ही पौर्णिमा पाहूनच निघालो. एका गाडीत मावतील एवढी यवतमाळची माणसे : एक निवृत्त शिक्षिका, दारव्ह्याकडे विहिरी खोदण्याचे ठेके घेणारे काकाजी, कापूस पिकवणारे एक जोडपे आणि त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा. काकाजींनी आणि त्या जोडप्याने समुद्र आजवर टीव्हीतच पाहिलेला.

तसे पाहिले तर यवतमाळच्या माणसांच्या आधी यवतमाळच्या कापसाने समुद्र पाहिला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन कंपनीने यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी 113 किलोमीटरची अरुंद रुळांची लाइन टाकली, ती कापसासाठीच. गाठी मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढायच्या, मुंबई बंदरात जायच्या आणि तिथून विलायतेला. तीच आपली शकुंतला. माल पश्चिमेला गेला. पाणी मात्र उलट दिशेने जाते. वर्धा आणि पैनगंगा वणी तालुक्यात जुगादजवळ मिळतात, पुढे प्राणहिता होऊन गोदावरीत शिरतात आणि सगळे पाणी बंगालच्या उपसागराला जाते. यवतमाळच्या शिवारातला एकही नाला या पश्चिम समुद्राला मिळत नाही.

हरिहरेश्वरला जी नदी समुद्राला मिळते ती सावित्री. महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात ज्या पाच नद्यांचा उगम मानतात, त्यांतली कृष्णा पूर्वेला वळून साऱ्या द्वीपकल्पातून जाते, आणि सावित्री मात्र कडा उतरून थोडक्यात अरबी समुद्र गाठते. तिच्या मुखाच्या उत्तर टोकावर हरिहरेश्वर आहे, दक्षिणेला रत्नागिरी जिल्ह्यातला बाणकोटचा किल्ला. बागमांडला आणि वेश्वी या दोन काठांमध्ये फेरीबोट चालते. गाडी बोटीवर चढवून पलीकडे मंडणगड तालुक्यात उतरता येते.

या मुलुखाचे नाव इतिहासात आले ते श्रीवर्धनच्या भटांमुळे. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ भट मूळचे श्रीवर्धनचे. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या जाचामुळे त्यांना घरदार सोडून घाटावर जावे लागले, आणि 1713 मध्ये शाहू महाराजांनी त्यांना पेशवेपदाची वस्त्रे दिली. हरिहरेश्वर हे या घराण्याचे कुलदैवत. पहिल्या बाजीरावांनी 1723 च्या सुमारास मंदिराचा जीर्णोद्धार केला असे सांगतात. पुण्यात शनिवारवाडा बांधणाऱ्या घराण्याचा देव म्हणून काही भव्य पाहायच्या तयारीने कोणी आले, तर त्याची निराशा होईल. देऊळ बेताचे आहे. आवारात काळभैरव आणि योगेश्वरी, शेजारी हरिहरेश्वर. दर्शनाची रीत ठरलेली : आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर आणि पुन्हा एकदा काळभैरव. गाभाऱ्यात ब्रह्मा, विष्णू, महेश आणि पार्वती यांची लिंगे आहेत. नावात हरी आणि हर असले तरी पूजा चौघांची.

या क्षेत्राला दक्षिण काशी म्हणतात. काशीसारखे इथेही लोक पितरांसाठी येतात, पिंडदान करतात. प्रदक्षिणेच्या वाटेवरच्या खडकांना आणि डबक्यांना गायत्रीतीर्थ, शुक्लतीर्थ, विष्णुपद अशी नावे आहेत. एका बाजूला ओले केस आणि ओले धोतर घेऊन बसलेला मुलगा, दुसऱ्या बाजूला फोटो काढणारी मंडळी, अशी दोन कामे एकाच खडकावर चाललेली असतात आणि कोणाला कोणाची अडचण होत नाही.

प्रदक्षिणेची वाट देवळामागून थोडी चढते आणि मग एकदम खाली जाते. डोंगर मधोमध चिरलेला आहे. दोन्ही अंगांना उभा काळा कातळ आणि मधून खाली उतरणाऱ्या पायऱ्या. एका वेळी फार माणसे मावत नाहीत. वारा खालून वर येतो, समुद्राचा आवाज आधी पोहोचतो आणि समोर चिरेएवढाच समुद्र दिसतो. पायऱ्या संपल्या की तो सगळा अंगावर येतो. कापूस पिकवणाऱ्या जोडप्यातल्या ताई शेवटच्या पायरीवर थांबल्या आणि यजमानांना म्हणाल्या, "अवं, याले काठच नाही का?" यजमान काही बोलले नाहीत. त्यांनी चपला हातात घेतल्या आणि खडकावर उतरले.

इथून पुढे डोंगर उजव्या हाताला ठेवून चालायचे. पायाखाली सपाट पसरलेला खडक, त्यात खाचा, खळगे आणि खळग्यांत अडकलेले पाणी. त्या पाण्यात छोटे मासे, खेकडे, शंख. खडक कुठे खरखरीत, कुठे शेवाळाने बुळबुळीत. उजवीकडच्या कड्याकडे पाहिले की पाय थांबतात. साऱ्या भिंतीला मधाच्या पोळ्यासारखी भोके पडलेली आहेत. काही बोटभर, काही डोके जाईल एवढी, आणि भोकांच्या मधल्या भिंती पातळ होत गेलेल्या. हे काम लाटांचे असावे असे वाटते, पण खरा कारागीर मीठ आहे. लाटांचे तुषार दगडाच्या बारीक छिद्रांत मुरतात, ऊन पडले की पाणी उडून जाते आणि मिठाचे स्फटिक मागे राहतात. स्फटिक वाढताना दगडाचे कण आतून उचलून टाकतात. एकदा खळगा पडला की त्यात ओल जास्त टिकते, म्हणून तो आणखी खोल होतो. कड्याच्या पायथ्याला मात्र लाटाच काम करतात. त्या पाया पोखरतात, वरचा भाग कोसळतो, कडा एक पाऊल मागे सरतो आणि पुढे सपाट खडक उरतो. आपण प्रदक्षिणा घालतो ती वाट म्हणजे मागे हटलेल्या डोंगराची जागा.

हा दगड कोणता, हे काकाजींना कोणी सांगावे लागले नाही. त्यांनी कड्यावरून हात फिरवला, एका जागी नखाने खरवडले आणि म्हणाले, "हा त आपलाच काया पाषाण हाये. हे पाहा, इथं मांजऱ्या, त्याच्याखाली पाषाण. आपल्या हिरीत लागते तसंच." मग थोडे थांबून, "आपल्याकडं याले फोडाले सुरुंग लागते. इथं नुसतं पाणीच फोडून राह्यलं."

काकाजींचे निदान बरोबर होते. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले आणि दख्खनचे पठार झाले. थराच्या ज्या भागात वायूचे बुडबुडे अडकले आणि नंतर पांढऱ्या खनिजांनी भरले, तो मांजऱ्या; जो भाग घट्ट थिजला तो पाषाण. या लाव्ह्याची पूर्वेकडची कड आपल्या जिल्ह्यात आहे. वणीच्या बाजूला गेले की काळा दगड विरळ होतो आणि कोळसा, चुनखडक लागतो. पश्चिमेकडे तोच लाव्हा समुद्रापर्यंत आला आहे. यवतमाळला या दगडाचे ऊन-पावसाने पीठ झाले आणि त्याची कपाशीची काळी माती बनली. इथे त्याला मीठ आणि लाट मिळाली आणि हा कडा झाला. दगड एकच, फक्त शेजार वेगळा.

सूर्य खाली येऊ लागला तेव्हा आम्ही वाटेच्या पश्चिम टोकाला होतो. मुलाने घरी आजीला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सूर्य बुडालेला, आजी दिवा लावत होती; इथे तो पाण्यापासून अजून चार बोटे वर. मुलाला वाटले फोनच मागे पडला आहे. कारण साधे आहे : हरिहरेश्वर यवतमाळपासून पाच अंश पश्चिमेला आहे, एका अंशाला चार मिनिटे, म्हणून घड्याळ एकच असूनही सूर्य इथे सुमारे 20 मिनिटे उशिरा मावळतो. आजीने त्या दिवशी दुसऱ्यांदा सूर्यास्त पाहिला आणि मग मागच्या माणसांचे जेवण झाले का ते विचारले.

पाण्याला टेकल्यावर सूर्य फार वेळ थांबत नाही. ओल्या खडकावर आणि डबक्याडबक्यांत तांबडे पसरले, कड्याच्या भोकांत सावल्या भरल्या, आणि पौर्णिमा असल्यामुळे पाठीमागे डोंगराच्या खांद्यावर चंद्र आलेलाच होता. भरती-ओहोटी ओढणारे दोघे असे समोरासमोर यावेत अशी ही एकच तिथी. बघे अजून रेंगाळत होते, पण नारळपाणी विकणाऱ्या एका माणसाने आवाज दिला, "चला आता, पाणी फिरलं." आम्हाला काहीच फरक दिसत नव्हता. पाच-दहा मिनिटांनी मघाशी कोरडा असलेला खळगा भरलेला दिसला.

हा इशारा हसण्यावारी नेऊ नये. या खडकावर लाटेने माणसे ओढून नेल्याच्या घटना घडल्या आहेत. ओहोटी तळाला जाण्याच्या तासभर आधी वाट धरावी, पाणी फिरायच्या आत ती पुरी करावी. पाण्याच्या कडेला पाठ करून फोटो काढू नयेत. पकड असलेल्या चपला हव्यात. पावसाळ्यात प्रदक्षिणेचा विचारही करू नये. तेव्हा ना सूर्य दिसतो, ना वाट. तिथीचा हिशेब माहीत असला तरी त्या दिवसाची भरतीची छापील वेळ पाहावी आणि गावातल्या माणसाला विचारून मगच उतरावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम.

यवतमाळहून जायचे तर धामणगावला मुंबईची रेल्वे मिळते. पुढे कोकण रेल्वेने माणगाव, तिथून हरिहरेश्वर रस्त्याने साधारण 60 किलोमीटर. स्वतःची गाडी असेल तर धामणगावच्या बाजूने समृद्धी महामार्ग धरता येतो. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरूनही माणगावला येता येते. गावात पर्यटन महामंडळाचे निवासस्थान आहे आणि घरगुती राहण्या-जेवणाची सोय बऱ्याच घरांतून होते. जेवणात भात, आमटी, सोलकढी. आधी सांगून ठेवले तर उकडीचे मोदक. भाकरीसाठी हट्ट धरू नये, मागितली तर तांदळाची मिळते.

वाटेत श्रीवर्धनला सुपारीच्या वाड्या दिसतात. इथली रोठा सुपारी नावाजलेली. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले आणि वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारीचे झाड लावल्यापासून फळायला पाच-सात वर्षे जातात. त्यामुळे त्या एका दिवसाचे नुकसान पुढची कित्येक वर्षे चालले. एका वाडीवाल्याकडून हे ऐकताना आमचे कापूसवाले यजमान मन लावून ऐकत होते. त्यांनी एकच विचारले, "भरपाई किती भेटली?" उत्तर ऐकून दोघेही ओळखीचे हसले.

ज्यांना इतक्या लांब जाणे जमणार नाही, त्यांच्यासाठी या दगडाचे दुसरे टोक घराजवळ आहे. झरी जामणी तालुक्यात शिबला-पार्डी इथे 2021 मध्ये रस्त्याच्या कामात माती हटवताना लाव्ह्याचे खांब उघडे पडले. लाव्हा थंड होताना आकसतो, तडकतो आणि त्याचे षटकोनी खांब होतात; मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी अशाच खांबांची आहे आणि तिला संरक्षण आहे. हरिहरेश्वरचा खडक लोकांनी तीर्थ म्हणून राखला, प्रत्येक खळग्याला नाव दिले, म्हणून तिथे कोणी सुरुंग लावला नाही. शिबल्याच्या खांबांना असे देवाचे नाव नाही. ते राखायचे तर जिल्ह्याच्या लोकांनी आधी ते जाऊन पाहिले पाहिजेत, आणि त्यासाठी तिथी पाहायचीही गरज नाही.