‘इथंच मिटवूया’ म्हणण्याआधी

धारगळला किंवा मालपेच्या उतारावर दोन गाड्या धडकल्या की पाच मिनिटांत कोणीतरी म्हणतंच, ‘पोलिस कशाला? इथंच मिटवूया.’ कोणाला खरचटलंही असेल तर हे ऐकू नका. डोक्याचा मार पुष्कळदा संध्याकाळी बोलू लागतो, आणि तोवर समोरची गाडी निघून गेलेली असते.

आधी १०८ लावा. जखमीला दवाखान्यात पोचवणं आणि चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवणं ही मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार चालकाचीच जबाबदारी आहे. मदत करणाऱ्या वाटसरूला मात्र पोलिस नाव सांगायची सक्ती करू शकत नाहीत, तेव्हा बघे म्हणून उभे राहू नका. दवाखान्यात ‘पडलो’ असं सांगू नका, अपघात झाला असंच सांगा. केसपेपरवरचा तो एक शब्द पुढे विमा कंपनीचा वकील शोधून काढतो.

सगळ्यांत जपायचा कागद म्हणजे पंचनामा. विजेच्या खांबापासून टायरच्या खुणा किती मीटरवर, काचा कुठे सांडल्या, गाडीचं तोंड कुठे होतं, हे त्यात येतं. डिचोलीत खनिजाच्या ट्रकांच्या वाटेवर या खुणा धुळीत बुजतात, पावसाळ्यात तर तासाभरात जातात. म्हणून गाडी हलवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, दोन्ही नंबरप्लेट आणि रस्त्याची कड दिसेल असे. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या.

मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला योजनेतल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख न भरता मिळू शकतात. दाखल करतानाच विचारा. धडक देऊन गाडी पळाली तर मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार मिळतात. त्यासाठी अर्ज महसूल खात्याकडे करायचा.

मोठी भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडून मिळते. एप्रिल २०२२ पासून कायद्यात त्यासाठी सहा महिन्यांची मुदत आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर थांबू नका. सावंतवाडीहून, दोडामार्गहून रोज पणजीला कामाला येणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की अपघात गोव्यात झाला तरी दावा आपल्या राहत्या जिल्ह्यात, सिंधुदुर्गातही लावता येतो. तारखेसाठी दर वेळी लंगडत सीमा ओलांडायला नको.